शेजाऱ्याची भाषा : फ्रान्स व जर्मनी यांमधील विद्यार्थी-विनिमय

परभाषा शिकण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे, ही गोष्ट शाळांशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. शहरांतील शाळांतून व कनिष्ठ महाविद्यालयांतून फ्रेंच किंवा जर्मन घेणारी मुले पुष्कळ आढळतात. हा विषय का घेतला असे त्यांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ‘गुण चांगले पडतात’ असे येते. दोन-तीन वर्षे क्रियापदे चालवून, शब्दार्थ पाठ करून मुलगा नव्वदाच्या वर गुण मिळवितो. परंतु ती भाषा बोलणारा एखादा माणूस दारात उभा राहिला, तर त्याला पाणी विचारण्याइतकीही त्याची जीभ वळत नाही. यात मुलांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. भाषा ही कोणाशी तरी बोलण्यासाठी असते. आणि ज्याच्याशी बोलावयाचे तो माणूसच आपण त्यांच्यापुढे कधी आणलेला नसतो.

तो माणूस विद्यार्थ्याच्या जवळ आणण्याचे जे साधन जगात वापरले जाते, त्यास विद्यार्थी-विनिमय म्हणतात. एका देशातील मुलगा दुसऱ्या देशातील कुटुंबात जाऊन राहतो, तेथल्या शाळेत जातो आणि काही काळाने त्या कुटुंबातील मुलगा याच्या घरी येऊन राहतो, हे त्याचे मूळ स्वरूप. जर्मनीतील ‘डाड’ ही विनिमय-संस्था १९२५ साली निघाली. अमेरिकेतील फुलब्राइट शिष्यवृत्त्या १९४६ च्या कायद्याने सुरू झाल्या. यूरोपातील ‘इरॅस्मस’ योजना १९८७ साली अस्तित्वात आली. या तिन्ही योजनांचा जन्म महाविद्यालयीन विद्यार्थी व विद्वान यांच्यासाठी झाला. शाळकरी मुलांपर्यंत, उमेदवारी करणाऱ्या सुतार-लोहारांपर्यंत पोचलेली आणि साठ वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेली योजना पाहावयाची असेल, तर फ्रान्स आणि जर्मनी या दोन शेजाऱ्यांकडे वळले पाहिजे. या योजनेचा इतिहास, तिची रचना व तिच्यापुढील अडचणी यांचा परिचय करून द्यावा, एवढाच आमचा हेतू आहे. आपली मासिके व संमेलने जेथे भरतात त्या गावांपैकी बहुतेक गावे दुसऱ्या एका भाषेच्या शेजारी वसलेली असल्यामुळे हा परिचय आपणांस परका वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

प्रथम त्या शेजाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. १८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत फ्रान्स व जर्मनी एकमेकांशी तीनदा लढले. १९१६ साली व्हर्दं येथे चाललेली एकच लढाई दहा महिने टिकली आणि तीत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तीन लाख माणसे मेली. या दोन देशांच्या मध्ये आल्सास नावाचा प्रांत आहे. १८७१ साली तो जर्मन साम्राज्यात गेला, १९१८ साली फ्रान्सकडे परत आला, १९४० साली नाझी राजवटीने तो गिळला आणि १९४४-४५ मध्ये तो पुन्हा फ्रेंच झाला. १८७० पूर्वी तेथे जन्मलेल्या व दीर्घायुषी झालेल्या माणसाला आपले घर न सोडता चार वेळा देश बदलावा लागला. देश बदलला की शाळेतील भाषा बदलत असे. नाझी अमलात तर फ्रेंच बोलण्यावर व फ्रेंच नावांवरही बंदी आली. उलट १९४५ नंतर तेथील प्राथमिक शाळांतून जर्मन काढून टाकण्यात आली.

आल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाची शेवटच्या फ्रेंच तासाची गोष्ट आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकामुळे हजारो मुलांना ठाऊक आहे. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथासंग्रहात ती समाविष्ट आहे. उद्यापासून शाळेत फक्त जर्मन शिकविली जाईल, असा बर्लिनचा हुकूम येतो आणि वृद्ध शिक्षक फ्रेंचचा अखेरचा पाठ देतो, असे तिचे कथानक. मातृभाषेचे प्रेम शिकविण्यासाठी ही कथा वर्गात वाचली जाते व मुलांच्या मनावर तिचा ठसाही उमटतो. परंतु एक गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते. त्या काळी आल्सासच्या खेड्यांतून बहुसंख्य लोकांची घरची बोली जर्मन कुळातील होती. म्हणजे कथेतील मुलासारखा मुलगा घरी जी बोली बोलत असेल, ती हुकूम आलेल्या भाषेची नातलग होती, आणि ज्या भाषेसाठी तो हळहळला, ती त्याला शाळेने दिलेली होती. सीमेवरच्या माणसाचे हे असे असते. त्याच्या घरात दोन्ही भाषांचे पाय लागलेले असतात. एक त्याची आणि दुसरी शत्रूची, अशी वाटणी राजधानीत बसलेली माणसे करतात. ज्यांचे बालपण बेळगाव-निपाणीकडे किंवा गोव्यात गेले आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या दोन राष्ट्रांत समेट होईल असे म्हणणारा मनुष्य वेडा ठरला असता. तरीही पहिले पाऊल सरकारांच्या आधी गावांनी टाकले. १९५० साली फ्रान्समधील मोंबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्जबुर्ग या दोन गावांनी परस्परांशी भगिनी-नगरांचे नाते जोडले. फ्रान्स व जर्मनी यांच्यातील असे हे पहिलेच नाते होय. मोंबेलियारचे तेव्हाचे महापौर ल्युसियाँ थारादँ हे बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून जिवंत परत आलेले गृहस्थ होते. ज्यांनी हात पुढे करू नये असे कोणीही म्हटले असते, त्यांनीच तो पुढे केला, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे.

त्याच लुडविग्जबुर्ग गावी ९ सप्टेंबर १९६२ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांनी जर्मन तरुणांपुढे भाषण केले आणि ते जर्मन भाषेत केले. द गॉल हे व्हर्दंच्या रणांगणावर १९१६ साली जर्मनांच्या हाती सापडले होते आणि युद्ध संपेपर्यंत त्यांच्या कैदेत होते. अशा माणसाने जर्मन मुलांशी त्यांच्या भाषेत बोलावे, याचा परिणाम किती झाला असेल याची कल्पना करता येते. पुढे चारच महिन्यांनी, २२ जानेवारी १९६३ रोजी, द गॉल आणि जर्मन चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी पॅरिस येथे मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. तो एलिझे करार या नावाने ओळखला जातो. दोन्ही राष्ट्रप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा भेटावे वगैरे राजकीय कलमे त्यात आहेतच. परंतु शिक्षकांच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा भाग वेगळा आहे. परस्परांची भाषा जाणणे हे सहकार्याच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे, हे त्यात शब्दशः मान्य करण्यात आले. फ्रान्समध्ये जर्मन व जर्मनीत फ्रेंच शिकणाऱ्यांची संख्या वाढविण्याचे, तसेच एकमेकांच्या परीक्षा व पदव्या ग्राह्य धरण्याचे प्रयत्न करावयाचे ठरले. आणि तरुणांच्या गाठीभेटींसाठी एक समाईक संस्था व समाईक निधी उभारण्याचे ठरले.

त्यानुसार ५ जुलै १९६३ रोजी फ्रेंच-जर्मन युवक कार्यालयाची स्थापना झाली. या कार्यालयाची घडण पाहण्यासारखी आहे. ते फ्रान्सचे नाही व जर्मनीचेही नाही. दोन्ही सरकारे त्याच्या निधीत सारखा वाटा घालतात. त्याचे एक ठाणे पॅरिसला व दुसरे बर्लिनला आहे. त्याचा कारभार दोन महासचिव पाहतात, त्यांपैकी एक फ्रेंच व एक जर्मन. आपल्याकडे परदेशी शिष्यवृत्ती म्हटली की देणारा एक व घेणारा दुसरा, हे गृहीतच असते. येथे देणारे दोघे आणि घेणारेही दोघे आहेत. उपकाराची भावना नसल्यामुळे मिंधेपणाही नाही. स्थापनेपासून आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी या कार्यालयाच्या साहाय्याने विनिमयात भाग घेतला आहे. कार्यालय स्वतः मुले नेत-आणत नाही. शाळा, क्रीडामंडळे, भगिनी-नगरांच्या समित्या, संगीतवर्ग इत्यादी ज्या संस्था देवघेव घडवून आणतात, त्यांना ते द्रव्यसाहाय्य करते, त्यांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते आणि नियम घालून देते. त्यामुळे मोठ्या शहरांइतकाच लहान गावांनाही त्याचा लाभ होतो. धंदेशिक्षण घेणाऱ्या उमेदवारांसाठी दोन्ही सरकारांनी १९८० पासून वेगळी व्यवस्था केली आहे. रोटीवाला, गवंडी, यंत्र दुरुस्त करणारा अशांची तरुण मुले तुकडीने पलीकडे जाऊन तेथल्या कारखान्यात काही आठवडे काम करतात व नंतर पलीकडची तुकडी येते.

शाळकरी मुलांसाठी दोन योजना प्रसिद्ध आहेत. पहिलीला ब्रिजित सोझे यांचे नाव दिलेले आहे. या बाई फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या दुभाषी होत्या आणि पुढे जर्मन चॅन्सेलरच्या सल्लागार झाल्या. २००३ साली त्या वारल्या. या योजनेत विद्यार्थी साधारणतः तीन महिने पलीकडच्या कुटुंबात राहतो, यजमान मुलाबरोबर रोज शाळेत जातो आणि पुढे तेवढाच काळ यजमान मुलगा त्याच्या घरी येतो. दुसरी योजना व्होल्तेर या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावाची आहे. तीत दोन मुलांची जोडी लावतात व ती दोघे सबंध एक वर्ष एकत्र काढतात: सहा महिने एकाच्या घरी व सहा महिने दुसऱ्याच्या. यजमान कुटुंबाने राहण्या-जेवण्याचे पैसे घ्यावयाचे नाहीत, हा दोन्हींचा नियम आहे. आपला मुलगा त्यांच्याकडे जेवतो म्हणून त्यांचा मुलगा आपल्याकडे जेवतो, असा हा सरळ व्यवहार आहे.

हा परस्परतेचा नियम खर्च वाचविण्यासाठी काढला असेल, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. खर्च वाचतो हे खरे. तो वाचल्यामुळे बेताच्या परिस्थितीतील कुटुंबालाही भाग घेता येतो हेही खरे. परंतु भाषाशिक्षणाच्या दृष्टीने या नियमाचे मोल फार मोठे आहे, असे आमचे मत आहे. पाहुणा होऊन गेलेला मुलगा ऐकावयास शिकतो. त्याला भूक लागते, थंडी वाजते, घराची आठवण येते आणि हे सारे त्याला परक्या शब्दांत सांगावे लागते. यजमान झाला की त्याची भूमिका पालटते. आपली स्वतःची भाषा किती अवघड आहे हे त्याला आयुष्यात प्रथमच कळते. आपण जे बोलतो ते समोरच्याला का समजले नाही, याचा विचार त्याला करावा लागतो. तो सावकाश बोलू लागतो, दुसरा शब्द सुचवितो, समजावून सांगतो. जो केवळ परदेशी जाऊन येतो त्याच्या वाट्याला या शिक्षणाचा अर्धाच भाग येतो.

आता घरात राहून भाषा येते म्हणजे नेमके काय होते, ते काही उदाहरणांनी पाहू. पंच्याण्णव हा आकडा घ्या. फ्रेंच मनुष्य तो ‘चार विसा आणि पंधरा’ अशा रीतीने सांगतो. जर्मन मनुष्य ‘पाच आणि नव्वद’ असे म्हणतो. मराठी वाचकाला दोन्ही रीती ओळखीच्या वाटतील. विसाच्या हिशेबाने मोजणारी म्हातारी माणसे आपल्या खेड्यांत होती, आणि आपल्या ‘पंच्याण्णव’ या शब्दातही एकम् आधी व दशम् नंतर येते. परंतु फ्रेंच मुलाला जर्मन दुकानदाराने सांगितलेली किंमत पहिले काही दिवस उलटीच ऐकू येते. हा नियम व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत असतो. तो अंगवळणी पडण्यास मात्र रोज पाव विकत आणावा लागतो.

दुसरे उदाहरण वाक्यरचनेचे. जर्मन भाषेत गौण वाक्याचे क्रियापद शेवटी येते. त्यामुळे बोलणारा काय म्हणतो आहे हे कळण्यासाठी वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे लागते. मराठीत आपण जन्मभर हेच करीत असल्याने आपणांस त्यात विशेष वाटणार नाही. पण फ्रेंच भाषेत क्रियापद लवकर येते आणि फ्रेंच घरांत जेवणाच्या टेबलावर एकमेकांचे बोलणे मध्येच उचलून धरण्याची सवय असते. जर्मन घरात गेलेल्या फ्रेंच मुलाला प्रथम वाक्याचा शेवट ऐकून घेण्याचा धीर शिकावा लागतो. तिसरे उदाहरण संबोधनाचे. आपल्या तू आणि तुम्ही यांप्रमाणे या दोन्ही भाषांत जवळिकीचे व आदराचे अशी दोन सर्वनामे आहेत. परंतु यजमान मुलाच्या आईला कोणते वापरावे, शिक्षकांना कोणते, आणि शेजारच्या आजोबांना कोणत्या दिवसापासून जवळिकीने हाक मारता येते, हे पुस्तकात कोठेच सापडत नाही. ते घरातली माणसे शिकवितात, आणि पुष्कळदा चूक झाल्यावर हसून शिकवितात.

शाळेतही असेच. फ्रान्समध्ये गुण विसांपैकी देतात आणि जितके अधिक तितके चांगले. जर्मन शाळांत एक हा सर्वोत्तम शेरा असून सहा हा सर्वांत वाईट. जर्मनीत पूर्वापार शाळा दुपारी सुटत असे, फ्रान्समध्ये मात्र शाळेतच जेवून मुले सायंकाळी घरी येतात. जर्मन वर्गात मुलाने हात वर करून चर्चेत किती भाग घेतला यालाही गुण असतात. फ्रेंच वर्गात लेखी निबंधाला अधिक मान असतो. त्यामुळे आपल्या वर्गात हुशार गणलेला मुलगा पलीकडे गेल्यावर मंद ठरतो व मागे पडणारा कधी कधी चमकून उठतो. आपल्याकडची पद्धत म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे, हे चौदा-पंधराव्या वर्षी अनुभवाने समजणे, ही आमच्या मते भाषेइतकीच मोठी प्राप्ती आहे.

हे सारे सुखाने होते असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या काही आठवड्यांत मुले फार थकतात. दिवसभर परके शब्द ऐकून सायंकाळी त्यांचे डोके जड होते. पुष्कळांना कळते, पण बोलता येत नाही. विनोदाला सगळे हसतात आणि आपण तेवढे गप्प बसतो, याचे दुःख त्या वयात लहान नसते. म्हणून युवक कार्यालयाने भाषेची भीती घालविण्याच्या काही रीती विकसित केल्या. एका रीतीत खेळ, गाणी व हातवारे यांच्या साहाय्याने, ज्यांना एकही शब्द येत नाही अशा मुलांनाही पहिल्या दिवसापासून बोलते करतात. दुसऱ्या रीतीचे नाव ‘टँडेम’ असे आहे. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून पायटे मारावयाची सायकल. एक फ्रेंच व एक जर्मन अशी जोडी बसते. काही वेळ फक्त फ्रेंच बोलावयाचे व तितकाच वेळ फक्त जर्मन. एका अर्ध्यात एक जण गुरू असतो, दुसऱ्या अर्ध्यात शिष्य. १९६० नंतरच्या दशकात या दोन देशांच्या भाषावर्गांत रुजलेली ही पद्धत पुढे जगभर पसरली. तिला पाठ्यपुस्तक जवळजवळ लागत नाही. एक घड्याळ व प्रामाणिकपणा एवढे पुरते.

या देवघेवीतून कायमच्या संस्थाही उभ्या राहिल्या. झारब्र्युकेन येथे १९६१ सालीच फ्रेंच-जर्मन माध्यमिक शाळा निघाली होती. पुढे फ्रायबुर्ग येथे व व्हर्सायजवळील ब्युक येथे तशाच शाळा झाल्या. १९९४ च्या करारान्वये ‘आबीबाक’ नावाची व्यवस्था झाली. तीत विद्यार्थ्याला एकाच वेळी फ्रान्सची व जर्मनीची अशा दोन्ही शालान्त परीक्षांची प्रमाणपत्रे मिळतात. यांहूनही लक्षणीय गोष्ट इतिहासाच्या पुस्तकाची. जानेवारी २००३ मध्ये, एलिझे कराराच्या चाळिसाव्या वाढदिवशी, बर्लिन येथे दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांची युवा-संसद भरली होती. दोन्ही देशांत इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक असावे, अशी मागणी त्या मुलांनी केली. सरकारांनी ती मान्य केली. २००६, २००८ व २०११ साली त्या पुस्तकाचे तीन भाग दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाले. दोन्ही आवृत्त्यांत मजकूर एकच आहे. हे पुस्तक फार शाळांनी लावले असे नाही, कारण दोन्हीकडचे अभ्यासक्रम निरनिराळे आहेत. तथापि ज्यांच्या पणजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांनी त्या युद्धाची हकीकत एका पुस्तकात लिहून घेतली, हे विसरता येण्यासारखे नाही.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे अनुचित होईल. या योजनेला आज मोठी अडचण इंग्रजीची आहे. फ्रेंच व जर्मन तरुण भेटले की आता पुष्कळदा इंग्रजीत बोलतात. फ्रान्समध्ये जवळजवळ सर्व मुले पहिली परभाषा म्हणून इंग्रजी घेतात, दुसरी म्हणून स्पॅनिशकडे वळतात, आणि जर्मन घेणाऱ्यांचे प्रमाण गेल्या काही दशकांत घटत गेले. जर्मनीत फ्रेंचची स्थिती फारशी निराळी नाही. शिवाय फ्रान्समध्ये जर्मन हा विषय हुशार मुलांच्या तुकडीत शिरण्याचा मार्ग होऊन बसला होता. आपल्याकडील गुणांच्या गणिताचेच हे दुसरे रूप. २०१५ साली तेथील सरकारने, सहावीपासून दोन परभाषा एकदम शिकविणारे वर्ग विषमता वाढवितात, या कारणास्तव कमी करण्याचे ठरविले. त्यावर दोन्ही देशांत मोठा वाद झाला आणि २०१७ साली पुढील सरकारने तो निर्णय बराचसा फिरविला. २०२३ साली जर्मनीने खर्चाच्या कारणाने बोर्दो व लील येथील आपल्या ग्योटे भाषा-संस्था बंद करण्याचे जाहीर केले. २२ जानेवारी २०१९ रोजी आखेन येथे दोन्ही देशांनी जो नवा करार केला, त्यात परस्परांच्या भाषेला उत्तेजन देण्याचे कलम पुन्हा घालावे लागले, यावरूनच ते काम सिद्धीस गेलेले नाही हे दिसते.

मैत्री किती जपावी लागते याचा अनुभव २०२० साली आला. साथीच्या भीतीने मार्च महिन्यात जर्मनीने सीमेवर पहारा बसविला; रोज पलीकडे कामाला जाणाऱ्या फ्रेंच माणसांना काही ठिकाणी अपशब्द ऐकावे लागले. जर्मन पुढाऱ्यांनी त्याचा उघड निषेध केला आणि काही आठवड्यांनी सीमा खुली झाली. साठ वर्षांच्या मशागतीनंतरही जुने तण एका पावसात उगवते. परंतु त्याला लगेच तण म्हणणारी माणसे दोन्हीकडे होती, हे त्या मशागतीचेच फळ मानावे लागेल.

इंग्रजीने काम भागत असताना शेजाऱ्याची भाषा कशाला, हा प्रश्न फ्रान्समध्ये विचारला जातो तसा आपल्याकडेही विचारला जातो. त्यास आमचे उत्तर असे की, इंग्रजीत दोन शेजाऱ्यांचा व्यवहार होतो, पण तेथे दोघेही पाहुणे असतात. कोणीच कोणाच्या घरात शिरत नाही. यजमानाच्या आईशी, तेथल्या वाण्याशी, म्हाताऱ्या आजोबांशी इंग्रजीत बोलता येत नाही. आणि जुन्या युद्धाची व जुन्या अपमानाची आठवण तर आजोबांपाशीच असते. ती त्यांच्या भाषेत ऐकल्यावाचून तिची धार बोथट होत नाही.

आपल्याकडे देशांतर्गत विनिमयाची कल्पना नवीन नाही. २०१५ साली जाहीर झालेल्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमात राज्याराज्यांच्या जोड्या लावण्यात आल्या; महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी व गोव्याची झारखंडाशी लागली. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु दूरच्याशी गोड बोलणे सोपे असते. फ्रान्सने आपली जोडी दूरच्या एखाद्या निरुपद्रवी देशाशी लावली असती, तर त्या कराराची आज कोणी आठवणही काढली नसती. ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले आहे त्याच्याच घरी मुलाला पाठवावयाचे, यात त्या योजनेचे सारे सामर्थ्य होते.

आपल्या मागच्या पिढ्यांना हे कोणत्याही योजनेवाचून साधले होते, हे आपण विसरत चाललो आहोत. कन्नडचे श्रेष्ठ कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. धारवाडात वाढलेल्या व पुण्यात शिकलेल्या या कवीला १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक कन्नड काव्यासाठी मिळाले. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर गुजराती गद्याचे असे लेखक झाले की महात्माजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. दोघांनीही मराठी सोडली नाही. दुसऱ्याची भाषा आली म्हणून आपली उणावली, असे या दोघांच्या बाबतीत तरी झाले नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या गावात मराठी शाळेच्या पाठीमागच्या गल्लीत कन्नड, गुजराती, हिंदी किंवा तेलुगू शाळा आहे, तेथे दोन्ही मुख्याध्यापकांनी वर्षातून एक पंधरवडा मुलांची अदलाबदल करावी. आठवी-नववीची दहा मुले येथून तेथे व दहा तेथून येथे. घरे एकाच गावात असल्याने प्रवासखर्चाचा प्रश्न नाही, आणि रात्री आपापल्या घरी झोपावयास हरकत नाही. आठवड्यातून एकदा जोडी लावून अर्धा तास एका भाषेत व अर्धा तास दुसरीत बोलावे. अट एकच असावी: जो जाईल त्याने आपल्या जोडीदाराला आपल्या घरी जेवावयास बोलाविले पाहिजे. एवढ्याने सीमेचा प्रश्न सुटणार नाही. तो सोडविणे शाळेचे कामही नाही. परंतु पलीकडच्या घरात भाकरीबरोबर काय वाढतात आणि आजीला काय म्हणून हाक मारतात, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्या घरावर दगड उचलताना त्याचा हात थबकेल, एवढी आशा बाळगण्यास फ्रान्स-जर्मनीचा अनुभव आपल्याला पुरेसा आधार देतो.